वर्गात समकालीन कला आणि सामाजिक प्रश्न: नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांसाठी

शाळेत सामाजिक विषयावर चित्र काढायला सांगितले की बहुतेक मुलांच्या कागदावर ठरलेल्याच गोष्टी उतरतात. दोन तळहातांवर पेललेली पृथ्वी, कुऱ्हाड पाहून रडणारे झाड, अर्धे हिरवे आणि अर्धे काळवंडलेले गाव, आणि खाली ठळक अक्षरांत घोषवाक्य. ही चित्रे मुलांनी मन लावून काढलेली असतात; पण शिक्षकांना कोणते उत्तर हवे आहे हे त्यांना विषय फळ्यावर लिहिला जाण्याआधीच ठाऊक असते, त्यामुळे चित्र काढताना त्यांना काहीही नव्याने पाहावे लागत नाही. समकालीन कलाकृती वर्गात आणण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण हे आहे की तिच्यासमोर मुलांना आधी पाहावे लागते आणि मत नंतर बनवावे लागते.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीच्या वर्गात हे काम प्रथमच करू पाहणारे कलाशिक्षक डोळ्यांसमोर ठेवून मी हा लेख लिहिला आहे. मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनाही तो वापरता येईल. एका कलाकृतीसाठी साधारण चार तासिका लागतात असे धरून चाला.

१. मुख्याध्यापकांशी बोला आणि जोडतास मागून घ्या

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत हजेरी घेऊन, चित्र लावून, मुले बोलती होईपर्यंत घंटा होते. म्हणून सलग दोन तासिका मिळवणे ही पहिली पायरी आहे. एखाद्या भाषाशिक्षकाशी किंवा इतिहासशिक्षकाशी बोलून तासिकांची अदलाबदल करणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो, कारण त्यांचाही पाठ या कामात सामावून घेता येतो.

मुख्याध्यापकांना तोंडी सांगून थांबू नका. एका पानाचे लेखी टिपण द्या आणि त्यात कलाकृती कोणती, ती पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या घटकाशी जोडलेली आहे, मुले प्रत्यक्ष काय करणार आणि पालकांना काय कळवणार, या चार गोष्टी लिहा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला इतर विषयांशी जोडून शिकवण्यावर भर दिलेला आहे, हे त्याच टिपणात नमूद करा. पुढे एखाद्या पालकाने हरकत घेतली तर तुम्ही काय ठरवले होते याचा हा एकमेव लेखी आधार असतो.

वेळापत्रक ठरवताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांच्या तयारीचे आठवडे टाळा. त्या दिवसांत स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि अक्षरलेखनाच्या सरावात मुले आणि तुम्ही पूर्ण गुंतलेले असता. सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आधीचे आठवडेही सोडा. अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी चित्रकलेच्या तासिका सर्वांत आधी मागितल्या जातात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवलेले आहे.

२. एकच कलाकृती निवडा

पहिल्या वेळी दहा चित्रकारांची दहा चित्रे भराभर दाखवण्याचा मोह होतो. तो आवरा. एका कलाकृतीवर दीड तास थांबता आले पाहिजे, आणि ती निवडताना मी तीन गोष्टी पाहते. तिच्यातला प्रश्न मुलांच्या परिसराशी किंवा अभ्यासाशी जोडता यावा, तिचे माध्यम शाळेत हाताळता यावे, आणि तिचा अर्थ एका वाक्यात संपू नये. सुरुवातीसाठी पुढच्या चार कलाकृती किंवा कलावंत मला सर्वांत उपयोगी वाटतात.

प्रभाकर पाचपुते हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातील सास्ती गावचे. त्यांचा जन्म १९८६ चा. ते खाणकामगारांच्या घरात वाढले आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग खाण, खाणकामगार आणि खाणीमुळे बदललेली जमीन यांविषयी आहे. ते कोळशाने रेखाटतात, पुष्कळदा थेट भिंतीवर. त्यांच्या रेखाटनांत माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी एखादे अवजार किंवा वस्तू येते. इथे विषय आणि साधन एकच आहे, आणि मुले हे स्वतःहून शोधतात. कोळशाबद्दलचे चित्र कोळशानेच काढले आहे, हे कुणाच्या तरी लक्षात येते तेव्हा वर्गात एकदम हालचाल होते. विदर्भातल्या शाळांनी तर सुरुवात इथूनच करावी.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत असतानाच त्यांनी चित्रे काढली. मुंबई-ठाण्यातली कष्टकरी माणसे, रेल्वे, चाळी आणि बदलती वस्ती हा त्यांच्या चित्रांचा गाभा आहे. २००१ चे ‘लोअर परळ’ हे चित्र गिरणगाव बदलत असतानाच्या काळातले आहे. ज्या मुलांचे आजोबा गिरणीत होते अशा वर्गांत या चित्रावर बोलणे थांबवावे लागते. शहराबाहेरच्या मुलांनाही ते परके वाटत नाही, कारण गावातला बंद पडलेला साखर कारखाना किंवा एमआयडीसीतले ओसाड शेड त्यांच्या ओळखीचे असते.

नवज्योत अल्ताफ यांनी छत्तीसगडमधल्या कोंडागाव परिसरात शांतीबाई, राजकुमार यांसारख्या स्थानिक आदिवासी कलावंतांसोबत हातपंपांच्या जागा नव्याने रचल्या. त्यांना ‘नलपार’ म्हणतात. सांडलेले पाणी वाहून जाण्याची सोय आणि भरलेली घागर डोक्यावर घेण्याआधी टेकवता येईल असे उंचवटे, हे दोन्ही त्या रचनेत आहे, आणि भिंतींवर कलावंतांनी घडवलेली चिन्हेही आहेत. ही कलाकृती आहे की सार्वजनिक बांधकाम, हा प्रश्न आठवीची मुले अतिशय गांभीर्याने लढवतात. पाणी कोण भरते, किती वाकून भरते आणि त्या जागेची उंची कुणी ठरवली, इथपर्यंत चर्चा आपोआप पोहोचते.

जितीश कल्लाट यांची २००७ ची ‘पब्लिक नोटिस २’ ही मांडणी (म्हणजे जागेत वस्तू रचून केलेली कलाकृती, इन्स्टॉलेशन) इतिहासाच्या तासाशी थेट जोडता येते. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी साबरमतीला केलेले भाषण त्यांनी अक्षर न् अक्षर मांडले आहे, आणि प्रत्येक अक्षराला फायबरग्लासमध्ये हाडाचा आकार दिला आहे. अशी सुमारे साडेचार हजार अक्षरे भिंतींवरच्या फळ्यांवर ओळीने ठेवलेली आहेत. हाडेच का, या प्रश्नाला माझ्या वर्गात दोन उत्तरे हमखास येतात. हे शब्द आता मेले आहेत, असे काही मुले म्हणतात. हाडांवरच शरीर उभे असते, असे इतर मुले म्हणतात. दोन्ही उत्तरांना कलाकृतीत आधार आहे. त्यातले बरोबर कोणते ते विचारले तरी सांगू नका.

३. प्रतिमा मिळवा आणि खरा आकार मोजा

प्रतिमा संग्रहालयाच्या, कलादालनाच्या किंवा स्वतः कलावंताच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. प्रतिमा शोधताना समोर येणाऱ्या चित्रांत चुकीची नावे, कापलेल्या कडा आणि बदललेले रंग फार असतात. वर्गात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेली प्रत हा १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार हक्कभंग ठरत नाही. पण तीच प्रत शाळेच्या स्मरणिकेत छापणे किंवा समाजमाध्यमांवर टाकणे ही वेगळी बाब आहे, तिच्यासाठी परवानगी घ्यावी लागते.

उजेडाच्या वर्गात प्रोजेक्टरवरचे चित्र फिके पडते आणि फ्लेक्सवर छापलेले चकाकते. चार-पाच मुलांत एक याप्रमाणे ए-थ्री आकाराच्या रंगीत, मॅट कागदावरच्या प्रती काढा. मुले प्रतीवर बोट ठेवून बोलू शकतात, हा तिचा मोठा फायदा आहे.

छापील प्रतीत सर्व कलाकृती एकाच मापाच्या दिसतात. म्हणून चित्राची खरी लांबी-रुंदी मिळवा आणि वर्ग सुरू होण्याआधी तेवढा आयत खडूने जमिनीवर किंवा फळ्यावर आखून ठेवा. मांडणी असेल तर ती पाहणाऱ्याला किती पावले चालावे लागेल हे मुलांना प्रत्यक्ष चालून दाखवायला सांगा. या एका कृतीने चित्राकडे पाहण्याची मुलांची पद्धत बदलते, असा माझा अनुभव आहे.

तयारीची यादी अशी:

– मुख्याध्यापकांच्या सहीचे टिपण आणि पालकांना पाठवायचे पत्र
– ए-थ्री प्रती आणि कलाकृतीचे नाव, वर्ष, माध्यम, माप लिहिलेले स्वतंत्र कार्ड, जे पहिल्या तासाला लपवून ठेवायचे आहे
– तपकिरी कागदाचा रोल, पांढरे खडू, दुकानात मिळणाऱ्या चारकोलच्या कांड्या किंवा चुलीतला नीट जळलेला लाकडी कोळसा
– चिकटपट्टी, बटर पेपर, ओली फडकी, गणवेशावर घालायला प्रत्येकाचा जुना शर्ट
– मुलांची वाक्ये जशीच्या तशी टिपून घेण्यासाठी तुमची वही

४. पहिला तास: फक्त पाहणे

प्रती वाटा आणि पूर्ण दोन मिनिटे शांतता ठेवा. चित्रकाराचे नाव, शीर्षक, विषय यांपैकी काहीही सांगू नका. त्यानंतर तीनच प्रश्न विचारा: या चित्रात काय चालले आहे? कशावरून तसे वाटते? आणखी काय दिसते? अबिगेल हाउसन आणि फिलिप येनाविन यांनी विकसित केलेल्या पद्धतीतले हे प्रश्न आहेत आणि मराठीत ते फार सहज बसतात.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘यात गरिबी दाखवली आहे’ असे उत्तर पहिल्या मिनिटाला येते. ‘कशावरून?’ असे शांतपणे विचारले की मूल पुन्हा चित्राकडे वळते आणि त्या माणसाच्या खांद्याची ठेवण, हातातली पिशवी, मागची भिंत असे एकेक सांगू लागते. हा प्रश्न चुकीच्या उत्तरालाच विचारायचा असतो असा मुलांचा समज असतो, म्हणून तो प्रत्येक उत्तराला, हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या उत्तरांनाही, त्याच स्वरात विचारा. ‘छान’, ‘बरोबर’, ‘शाब्बास’ हे शब्द या तासापुरते बाजूला ठेवा. कौतुक कशाचे होते हे कळले की उरलेला वर्ग त्याच दिशेने उत्तरे देऊ लागतो.

मागच्या बाकांवरून काहीच येत नसेल तर लिहून घ्या: चित्रात दिसणाऱ्या पाच वस्तू आणि न दिसणारी पण तिथे असायला हवी अशी एक वस्तू. या शेवटच्या एका वस्तूतून बहुतेक वेळा सामाजिक प्रश्न वर येतो.

५. दुसरा तास: संदर्भ, आणि तोही मोजका

आता कार्ड उघडा. मुलांनी आधी मांडलेल्या गोष्टींपैकी कोणत्या पक्क्या ठरल्या आणि कोणत्या बदलाव्या लागल्या हे त्यांनाच ठरवू द्या. संदर्भ देताना तारखा आणि आकडे नेमके ठेवा, पण थोडेच. पटवर्धनांच्या चित्रासोबत एवढे पुरते की गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यानंतरच्या काळात गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. पाचपुत्यांच्या रेखाटनासोबत मी वर्गातला पंखा दाखवते आणि वीज कुठून येते हे विचारते. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे आणि ते कोळशावर चालते, हे कळले की खाण दूरची राहत नाही.

इथला सापळा म्हणजे कलाकृती विसरून विषयावर व्याख्यान देणे. प्रदूषण, बेरोजगारी, विस्थापन यांवर बोलायला आपल्याकडे भरपूर असते आणि मुले निमूटपणे ऐकूनही घेतात. दर दहा मिनिटांनी चित्राकडे परत या. ‘हे तुम्हाला चित्रात कुठे दिसले?’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो मुद्दा त्या दिवशी सोडून द्या.

६. जात, लिंगभाव आणि घरातली हिंसा: इथे घाई करू नका

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण ज्याला सामाजिक प्रश्न म्हणतो तो वर्गातल्या काही मुलांचे रोजचे जगणे असते. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यता आणि देवदासी प्रथा यांवर अतिशय थेट चित्रे काढली आहेत. ती महत्त्वाची आहेत आणि नववीपुढच्या मुलांनी ती पाहावीत असे मला ठामपणे वाटते. मात्र गळ्यात मडके असलेल्या माणसाची प्रतिमा वर्गात लावली की काही नजरा विशिष्ट बाकांकडे वळतात. त्या बाकावरच्या मुलाला त्या क्षणी काय वाटते याची जबाबदारी ती प्रतिमा लावणाऱ्यावर असते.

म्हणून काही नियम मी पाळते. कोणत्याही मुलाला ‘तुझ्या घरी असे होते का?’, ‘तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारत नाही. मूल स्वतःहून बोलले तर ऐकते, त्याला आणखी खोदत नाही आणि इतरांनाही खोदू देत नाही. आडनावावरून कुणालाही बोलायला उभे करत नाही. केवळ अपमान सोसणारी माणसे दाखवून विषय संपवत नाही. विक्रांत भिसे यांच्या चित्रांत आंबेडकरी चळवळीतली माणसे आणि मोर्चे येतात, तशी लढणारी, एकत्र येणारी माणसेही त्याच सत्रात दाखवते. २० मार्च १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा संदर्भ इथे द्यावा, कारण पाणी आणि हक्क यांचा संबंध मुलांना तिथे चटकन कळतो.

दुसऱ्या बाजूला, ‘आता असे काही राहिलेले नाही’ असे म्हणणारे मूलही वर्गात असते. त्याला गप्प करू नका. ‘हे कशावरून ठरवता येईल?’ असे विचारा आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या, गावातल्या पाणवठ्यांच्या जागा, सफाईकामगारांना मिळणारी साधने अशी तपासता येणारी उदाहरणे शोधायला सांगा.

हिंसेच्या विषयावर काम करताना एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या चित्रातून घरातल्या अत्याचाराचा संकेत मिळू शकतो. त्याची चर्चा वर्गात किंवा शिक्षककक्षात करू नये. मुख्याध्यापकांना आणि शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना तात्काळ सांगा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे. हे सर्व पहिल्या तासाआधीच ठाऊक असले पाहिजे.

७. मुलांचे काम: नक्कल नको, पद्धत घ्या

‘आता असेच चित्र काढा’ असे सांगितले की धडावर अवजारे बसवलेली चाळीस माणसे तयार होतात. त्याऐवजी कलावंताचा एक निर्णय उचला. पाचपुत्यांकडून घ्यायचा निर्णय असा: ज्या वस्तूबद्दल बोलायचे तिच्यापासूनच चित्र करायचे. ऊसतोडीच्या भागातली मुले चिपाडाने आणि काकवीने कागदावर रेघा ओढतात, कोकणातली मुले जांभा दगडाची पूड डिंकात कालवतात. कल्लाट यांच्याकडून घ्यायचा निर्णय असा: एक महत्त्वाचा मजकूर निवडायचा आणि त्याची अक्षरे कशापासून घडवायची ते ठरवायचे. संविधानाच्या उद्देशिकेतला एकच शब्द गटाला द्या. ‘बंधुता’ कशाने लिहायची, यावर गटात जे भांडण होते तोच खरा अभ्यास असतो. म्हणून साहित्य ठरवायला पूर्ण तासिका द्या आणि करायला दुसरी.

नलपारसाठी मुलांनी शाळेतल्या पिण्याच्या पाण्याच्या नळांची मापे घ्यावीत. पाचवीच्या मुलाचा हात कुठे पोहोचतो, सांडपाणी कुठे साचते, चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्याला ओटा किती उंच पडेल, हे टेपने मोजून आराखडा काढावा. तो आराखडा मुख्याध्यापकांकडे अर्जासह द्यावा.

कोळशाच्या कामाबद्दल थोडे व्यावहारिक. तपकिरी कागदावर कोळसा आणि पांढरा खडू दोन्ही उठून दिसतात आणि रोल स्वस्त पडतो. काम संपताच वर बटर पेपर लावा, नाहीतर एकावर एक रचलेली चित्रे पुसली जातात. पंखे बंद ठेवा आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना कोळशाऐवजी काळे ऑइल पेस्टल द्या.

८. गुण कशाला द्यायचे

सफाईदारपणाला गुण दिले तर ग्रेड परीक्षेत चमकणारी मुलेच इथेही पुढे राहतात. मूल किती वेळा कलाकृतीतल्या पुराव्याकडे परत गेले, त्याने साहित्य निवडण्याचे कारण सांगितले का, आणि मत बदलले असेल तर कशामुळे बदलले, एवढेच मी पाहते. मुलाच्या मताला गुण नसतात, हे पहिल्याच दिवशी वर्गाला स्पष्ट सांगा. तसे सांगितले नाही तर मुले तुमचे मत शोधत बसतात.

९. मांडणी, फोटो आणि पालक

काम कॉरिडॉरमध्ये लावताना प्रत्येक कामाखाली मुलानेच लिहिलेले तीन-चार ओळींचे निवेदन असावे, घोषवाक्य नको. नाव लावायचे की नाही हे मुलाला ठरवू द्या, विशेषतः काम घराविषयी किंवा वस्तीविषयी असेल तेव्हा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत.

पालकांना मांडणी पाहायला बोलवा आणि माहिती मुलांनाच सांगू द्या. हरकत आली तर पालकांना त्या कामासमोर उभे करून मुलांना विचारलेले तेच तीन प्रश्न विचारा. माझ्या अनुभवात चर्चा त्यानंतर बरीच शांतपणे होते. तरीही पालक ठाम राहिले तर टिपण दाखवून निर्णय मुख्याध्यापकांवर सोपवा, मात्र काम उतरवायचे ठरल्यास ते त्या मुलाला आधी सांगून आणि त्याच्या हातात परत देऊनच उतरवावे.

मुंबईजवळच्या शाळांनी पुढच्या टप्प्यात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय किंवा भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, आणि गोव्यातल्या शाळांनी पिळर्ण येथील म्युझियम ऑफ गोवा यांची भेट ठरवावी. त्या काळात कोणते प्रदर्शन आहे आणि दालने खुली आहेत का, हे आधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे, सहलीची परवानगी वेळेत काढावी, आणि तिथेही एका कलाकृतीसमोर निदान वीस मिनिटे बसायचे असे मुलांशी निघण्याआधीच ठरवावे.